गेरलोफचं रक्त आणि फेन्नाचा वाढदिवस

स्वस्तात मिळतंय म्हणून माणसाने काय काय घ्यावं याला काही मर्यादा असावी, पण नेदरलँड्समधल्या झुत्फेन गावात ती अजून कुणाला सापडलेली नाही. गेरलोफ हाफरकांपला फक्त कोलेस्टेरॉल पाहायचं होतं. इंटरनेटवरच्या एका खासगी प्रयोगशाळेचा दर पाहून त्याने नाक मुरडलं, तेवढ्यात त्याच पानावर खाली जाहिरात झळकली: ‘संपूर्ण शरीर, या आठवड्यापुरतं निम्म्या दरात!’ यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि ज्यांची नावंही कधी कानावर आली नाहीत असे ढीगभर आजार एवढ्या स्वस्तात तपासून मिळत असताना एकटं कोलेस्टेरॉल तपासून घ्यायचं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. गेरलोफ उधळ्या नव्हता. त्याने संपूर्ण शरीर मागवलं.

कोलेस्टेरॉलचा विषय निघाला फेन्नामुळे. गेरलोफ पाटबंधारे खात्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, बायको डीनके जाऊन पाच वर्षं झालेली. फेन्ना पियानो शिकवायची. वसंतात नदीच्या बांधावर तिच्या सायकलची साखळी पडली, ती गेरलोफने बसवून दिली, आणि तेव्हापासून दर मंगळवारी दोघं बांधावरून सायकलने जायची आणि परत आल्यावर फेन्नाच्या हातचा बटर केक खायची. त्या केकमध्ये नावाला पीठ होतं, बाकी सगळं लोणीच. अशा मंगळवारांची एक लांब रांग झाल्यावर गेरलोफला आपल्या रक्तवाहिन्यांची काळजी वाटू लागली. येत्या रविवारी फेन्नाचा वाढदिवस होता. तिचं अख्खं गोत त्या दिवशी त्याला पहिल्यांदा पाहणार होतं. शिवाय फेन्नाने बजावून ठेवलं होतं, “सगळे गेले की लगेच पळू नकोस. मला तुला एक विचारायचंय.”

ते एक काय असेल, हे गेरलोफला अंदाजाने कळलं होतं. त्याला ते हवंही होतं. नदीकाठी फेन्नाचं छोटं घर, खिडकीशी पियानो, आणि संध्याकाळी समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं. पाच वर्षं तो रिकाम्या खुर्चीसमोर जेवत होता. जुनी गाडी विकण्याआधी माणूस ती तपासून घेतो, तसं फेन्नाच्या पदरात पडण्याआधी आपण आपल्याला तपासून घ्यावं, एवढाच त्याचा सरळ विचार होता.

अहवाल बुधवारी आला. यकृत हिरव्या अक्षरांत, मूत्रपिंड हिरव्या अक्षरांत. कोलेस्टेरॉलसुद्धा हिरवं! गेरलोफने बटर केकला मनोमन सलाम ठोकला आणि पान खाली सरकवलं. तळाशी एकच ओळ लाल होती. ‘हर्पीस सिम्प्लेक्स, प्रकार १, प्रतिपिंडं: पॉझिटिव्ह.’ तिच्याखाली आणखी एक हिरवी ओळ होती, पण घाबरलेला माणूस फक्त लाल अक्षरं वाचतो.

हर्पीस! गेरलोफ एकदम विशीतला झाला आणि सक्तीच्या सैनिकी नोकरीत जाऊन बसला. तिथे एका सार्जंटने अंधाऱ्या खोलीत भिंतीवर चित्रं दाखवून हा शब्द उच्चारला होता. ती चित्रं पाहून सगळी तुकडी दोन दिवस जेवली नव्हती. गेरलोफने त्यानंतर आयुष्यात एकाच बाईला जवळ केलं, ती डीनके. फेन्नाचं म्हणाल तर प्रकरण अजून बांधावरच्या मुक्यांपर्यंतच पोहोचलं होतं, आणि फेन्नावर संशय घ्यायला त्याचं मन धजेना. म्हणजे हे आलं डीनकेकडून. आणि डीनकेकडे कुठून आलं?

हा प्रश्न मनात आला आणि गेरलोफला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून प्रश्न जातो थोडाच! डीनके गावच्या बँडमध्ये बासरी वाजवायची. बँड दरवर्षी जर्मनीला जायचा. त्या बँडमध्ये टुबा हे भलंमोठं पितळी वाद्य फुंकणारा एक टुबावाला होता, चांगला भरदार छातीचा, आणि डीनके एकदा म्हणाली होती, “काय दम आहे रे त्याच्यात!” तेव्हा गेरलोफ हसला होता. आता तो हसला नाही. खिडकीत दोन ऑर्किडांच्या मधोमध डीनकेचा फोटो होता, हातात आइस्क्रीम घेऊन हसतानाचा.

“डीनके, हे काय ऐकतोय मी?” गेरलोफ म्हणाला.

डीनके आइस्क्रीम खात राहिली. त्याने फोटो पालथा घातला. मग काचेला चरा पडू नये म्हणून खाली हातरुमाल सरकवला.

प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर ‘तुमचा अहवाल समजून घ्या’ असं एक बटण होतं. ते दाबल्यावर कळलं की समजून घेण्याचं पॅकेज वेगळं आहे आणि त्यावर सूट नाही. गेरलोफचा स्वाभिमान दुखावला. त्याने पानाच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या, आपोआप उत्तरं देणाऱ्या यंत्राला विचारलं, “मला हर्पीस आहे का?” यंत्राने लिहिलं, “छान प्रश्न! तुम्हाला नमुन्याची बाटली मिळाली नाही का?” गेरलोफने लिहिलं, “मिळाली. परतही पाठवली.” यंत्राने लिहिलं, “ऐकून आनंद झाला. आमच्या सेवेला किती तारे द्याल?”

शेवटी त्याने शेजारच्या उब्बोला विचारायचं ठरवलं. उब्बोने जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवली होती, त्यामुळे जगातल्या कोणत्याही विषयात पुढचा माणूस चुकणार हे त्याला आधीच माहीत असे. दोघांच्या बागांमध्ये कमरेएवढं कुंपणाचं झुडूप होतं आणि उब्बो त्याच्या पलीकडे नेहमी उगवलेलाच असे.

“उब्बो, माझा एक मित्र आहे...” गेरलोफने सुरुवात केली.

उब्बोने सगळं ऐकून घेतलं, गेरलोफकडे नखशिखांत पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकला. “तुझ्या मित्राला सांग, कपडे उकळत्या पाण्यात. कप वेगळा, टॉवेल वेगळा. लसूण खायचा, कच्चा. आणि मुके बंद. कायमचे!”

“कायमचे?”

“हे बघ, ब्रेक निकामी असले तर आपण गाडी रस्त्यावर काढतो का? तुझा मित्र गॅरेजमध्येच बरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उब्बोने गेरलोफचं कुंपण छाटायचं यंत्र परत आणून दिलं. हे यंत्र त्याने कित्येक उन्हाळ्यांपूर्वी नेलं होतं आणि गेरलोफने त्याची आशा सोडली होती. उब्बोने रबरी हातमोजे घातले होते आणि यंत्राला स्पिरिटचा वास येत होता. “मित्र कसा आहे?” त्याने लांबूनच विचारलं.

आता डॉक्टरशिवाय गत्यंतर नव्हतं. पण झुत्फेनमध्ये डॉक्टरपर्यंत पोहोचायचं म्हणजे आधी त्यांच्या फोनवरच्या सहायक बाईंना पार करावं लागतं. फोनवर बासरीचं संगीत लागलं, आणि आजच्या दिवशी बासरीच लागावी याचं गेरलोफला फार वाईट वाटलं. संगीत संपेना. दिवस बाजाराचा होता आणि घरातलं चीज संपलेलं, म्हणून तो फोन कानाला लावूनच बाजारात गेला आणि चीजच्या गाडीसमोरच्या रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर जवळ आला आणि नेमक्या त्याच वेळी फोनवरचं संगीत थांबलं.

“नमस्कार, काय तक्रार आहे?” आवाज तरुण आणि ठसठशीत होता.

“तक्रार नाही. रक्ताचा अहवाल आलाय,” गेरलोफ कुजबुजला.

“जरा मोठ्याने बोलता का? मागे फार गोंगाट आहे.”

“पॉझिटिव्ह आलाय.”

“काय पॉझिटिव्ह आलंय?”

“ते... ह ने सुरू होतं.”

“हिमोग्लोबिन?”

“हर्पीस!” गेरलोफ ओरडला.

चीजवाल्याची सुरी हवेतच थांबली. रांगेतल्या बायकांनी पिशव्या पोटाशी धरल्या आणि मधे एक जागा मोकळी झाली, ती गेरलोफच्या आजूबाजूलाच. फोनवरचा आवाज मात्र जराही डगमगला नाही. “कुठे फोड आहेत? दुखतंय? ताप? काहीच नाही? मग घाबरू नका. दुखलंच तर पॅरासिटामॉल घ्या. आणि हे बघा, त्या अहवालाचा अर्थ असा असतो की...”

“जुनं घ्यायचंय की कोवळं?” चीजवाल्याने खालच्या आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं विचारलं.

गेरलोफने फोन बंद केला आणि चीज न घेताच घरी आला. अहवालाचा अर्थ पुढच्याच वाक्यात होता. पण त्याला वाटलं, पॅरासिटामॉल सांगतात म्हणजे केस हाताबाहेर गेली असणार.

रविवार उजाडला. जाऊ नये असं त्याच्या मनात आलं होतं, पण वाढदिवसाला न जाणं हा झुत्फेनमध्ये हर्पीसपेक्षा मोठा गुन्हा आहे. फेन्नाच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्यांचं गोल कडं मांडलेलं होतं. कड्यात भाऊ एफर्ट आणि त्याची बायको, दोन शेजारणी, गायनमंडळातले एक गृहस्थ, आणि सगळ्यात उंच पाठीच्या खुर्चीत नव्वदी ओलांडलेली रूलीमावशी. नव्याने आलेल्या माणसाने या कड्याला एक फेरी मारायची, ज्याचा वाढदिवस आहे त्याचं तर अभिनंदन करायचंच, पण भावाचं बहिणीबद्दल, मावशीचं भाचीबद्दल, शेजारणीचं शेजारणीबद्दलही करायचं, आणि प्रत्येक अभिनंदनामागे गालांवर तीन मुके द्यायचे. उजवा, डावा, पुन्हा उजवा. जन्मभर केलेली गोष्ट, पण आज त्या प्रत्येक गालात गेरलोफला आपला बळी दिसत होता.

फेन्ना दारातच उभी होती, निळ्या ब्लाउजमध्ये. तिने गाल पुढे केला. गेरलोफने हात पुढे केला.

“अभिनंदन,” तो म्हणाला आणि तिचा हात खालीवर हलवला.

फेन्ना त्या हाताकडे बघतच राहिली. गेरलोफ तसाच पुढे निघाला आणि हात ताठ पुढे धरून त्याने सगळं कडं पार केलं. एफर्टची बायको मुक्यासाठी वाकली, तिच्या पोटात त्याची बोटं लागली. रूलीमावशीने त्याची कॉलरच धरली. “काय रे, मला दात नाहीत म्हणून घाबरतोस?”

“तसं नाही मावशी. आमच्या घरात... मुके घ्यायची पद्धतच नव्हती. लहानपणी कुणी माझा घेतलेला आठवत नाही. सवय नाही.”

“अरेरे,” मावशी म्हणाली, आणि हे तिने इतकं मनापासून म्हटलं की गेरलोफला आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

तो बसला. कुणीतरी त्याच्यापुढे कप धरला. “कॉफीत दूध चालेल ना?”

गेरलोफने कप न घेताच मान वर केली. हा आवाज! हाच तो ठसठशीत आवाज! समोर पिवळा स्कर्ट घातलेली एक मुलगी उभी होती. “ही मारिट, एफर्टची मुलगी,” शेजारीण म्हणाली. “डॉक्टरांकडे फोनवर असते ना, तीच.” मारिटने गेरलोफच्या डोळ्यांत पाहिलं. त्याचा आवाज तिनेही ओळखला होता. पण पेशंटची गोष्ट बाहेर काढायची नाही, ही शपथ तिने घेतलेली. तिने केकचा एवढा मोठा घास तोंडात कोंबला की इच्छा असूनही तिला बोलता येऊ नये.

“गेरलोफ, जरा आत ये,” फेन्ना म्हणाली. “मला केक कापायला मदत हवीय.” केक केव्हाच कापून झाला होता.

स्वयंपाकघरात तिने दार लावलं आणि त्याच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. “मंगळवारी बांधावर, त्या मेंढ्यांच्या देखत, मुके घेतलेस. आणि आज माझ्या माणसांसमोर बँकेच्या मॅनेजरसारखा हात हलवतोस? लाज वाटते का तुला माझी? तसं असेल तर आत्ताच सांग. मला जे विचारायचं होतं ते मी विचारत नाही, संपला विषय.”

“फेन्ना, लाज मला तुझी नाही, माझी वाटते!” गेरलोफला आता काही लपवावंसंच वाटेना. “माझ्या रक्तात हर्पीस आहे! सैन्यात सार्जंटने चित्रांत दाखवला होता तो! अहवाल आलाय, लाल अक्षरांत! मी डीनकेवर संशय घेतला, त्या टुबावाल्यावर घेतला, लसूण खाल्ला, पण तुला हे लागू नये एवढंच मला वाटत होतं. मला तू हवी आहेस. पण असा मी तुला कसा चालेन?”

तो थांबला. सगळं घर कमालीचं शांत होतं. चमचा वाजत नव्हता, बशी वाजत नव्हती. गेरलोफने हळूच मान वळवली. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या भिंतीत ताटल्या पलीकडे द्यायची खिडकी होती, जुन्या घरांत असते तशी. तिची दोन्ही दारं सताड उघडी होती, आणि त्या चौकटीत अख्ख्या कड्याचे चेहरे एकावर एक रचलेले होते. सगळ्यात खाली रूलीमावशी होती, कानामागे हात धरून.

“टुबावाल्याचं पुढे काय झालं?” मावशीने विचारलं.

मारिटने घास गिळला. “काका, आता तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगितलंय, तर मी बोलू का? फोनवर तुम्ही माझं वाक्य अर्धवट तोडलंत.”

गेरलोफने मान हलवली. त्याच्यापाशी आता वाचवण्यासारखी अब्रू उरली नव्हती.

“कोणता प्रकार लिहिलाय? बघू.” तिने त्याचा फोन खिडकीतूनच घेतला. “पहिला. आणि ही खालची ओळ वाचलीत का? दुसरा प्रकार, तुमच्या त्या सार्जंटच्या चित्रांतला बहुतेक तोच, निगेटिव्ह. आता ऐका. ही तपासणी विषाणू शोधत नाही. त्याच्याशी झुंजायला शरीराने तयार केलेले पहारेकरी शोधते. म्हणजे कधीतरी तुमची आणि त्याची गाठ पडली, एवढंच. कधी, कुठे, कुणामुळे, ते रक्त सांगत नाही. हा पहिला प्रकार बहुतेकांना लहानपणीच होतो, घरच्यांच्या मुक्यांतून. मग तो आत झोपून राहतो. कुणाला अधूनमधून ओठावर फोड येतात, पुष्कळांना जन्मात येत नाहीत.”

“ओठावर?” एफर्ट ओरडला. “थंडीत बर्फावर स्केटिंग करून आलो की मला उठतात ते?”

“तेच, बाबा.”

“मी आजवर समजत होतो, गार वाऱ्याने उठतात!”

एका शेजारणीने हात वर केला. मग दुसरीने. गायनमंडळातल्या गृहस्थांनी जरा उशिराने, पण खालच्या पट्टीत का होईना, होकार दिला. थोड्याच वेळात सगळं कडं कुणाला कधी आणि ओठाच्या कोणत्या कोपऱ्यात उठतं याची चढाओढ करू लागलं.

“फोड असतील तेव्हा मात्र कुणाचे मुके घ्यायचे नाहीत,” मारिटने आवाज चढवला, “आणि तान्ह्या बाळाचे तर नाहीच नाही! फोड नसताना कधीच लागत नाही असं नाही, पण म्हणून जगाने मुके सोडले नाहीत. आणि काही त्रास नसताना ही तपासणी करायला आमचे डॉक्टर सांगतच नाहीत. का केलीत हो?”

“निम्म्या दरात होती,” गेरलोफ म्हणाला.

कड्याने एकमुखाने मान डोलावली. हे कारण सगळ्यांना पटलं.

“गेरलोफ,” फेन्ना म्हणाली. ती आता लाल झाली होती. “एप्रिलमध्ये मी तुला आठवडाभर भेटले नव्हते, आठवतं? सर्दी आहे म्हणाले होते.”

“हो. मी सूप आणून दारात ठेवलं होतं.”

“सर्दी नव्हती. इथे, वरच्या ओठावर, हा एवढा मोठा फोड होता. पियानोच्या परीक्षा आल्या की मला येतो. नवीनच ओळख, तू असा टापटिपीचा, म्हटलं या तोंडाने कशी समोर येऊ?”

 गेरलोफला हसू फुटलं आणि ते थांबेना. तीही हसू लागली, डोळे पुसत पुसत.

“थांबा!” रूलीमावशीने काठी आपटली. “पोरा, तू मला मघाशी फसवलंस. म्हणालास, आमच्या घरात मुके घेत नव्हते.”

“खरंच नव्हते, मावशी. आई मी दोन वर्षांचा असतानाच गेली. वडील चर्चमधले कडक गृहस्थ. माझ्या वाढदिवसालासुद्धा ते हात मिळवायचे. मला आठवतंय तेव्हापासून त्या घरात कुणी माझा मुका घेतला नाही.”

“तुला आठवत नाही तेव्हा घेतला असेल,” मावशी म्हणाली.

गेरलोफला एक फोटो आठवला. आईचा त्याच्याकडे एकच फोटो होता, त्यात तिने बाबागाडीवर वाकून मान फिरवलेली, तोंड दिसतच नाही. ती बाळावर वाकून काय करत असेल, हे त्याने इतक्या वर्षांत कधी मनातही आणलं नव्हतं.

“तसं ठामपणे सांगता येत नाही हं, मावशीआजी,” मारिट म्हणाली. “कुणाकडूनही आला असेल.”

“तू कॉफी ओत,” मावशी म्हणाली. “मला ठामपणे सांगता येतं.”

गेरलोफने रुमाल काढायला खिशात हात घातला. रुमाल घरी डीनकेच्या फोटोखाली होता. फेन्नाने त्याला भांडी पुसायचं फडकं दिलं. त्याला रडू येत होतं आणि तो फार सुखात होता, दोन्ही एकदमच.

“आता खिडकी उघडीच आहे,” फेन्ना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तर आत्ताच विचारते. गेरलोफ, इथे राहायला येतोस का? कायमचा?”

“येतो,” गेरलोफ म्हणाला. “कोलेस्टेरॉलही उत्तम आहे.”

त्यावर तिने त्याचा मुका घेतला, गालावर नव्हे, आणि एकच, पण चांगला लांबलचक. “तीन असतात!” मावशी खिडकीतून ओरडली. मग एफर्टच्या लक्षात आलं की ही तर अभिनंदनाची नवीन बाब झाली, आणि एकदा बाब झाली की रीत मोडून चालत नाही. सगळं कडं उठलं. भावाने बहिणीचं, शेजारणीने भावजयीचं, मारिटने बापाचं, प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं, उजवा, डावा, पुन्हा उजवा. गेरलोफने एकही गाल सोडला नाही. मघाशी ज्यांना हात दिला होता त्यांचे त्याने आठवणीने दुप्पट वळते केले. मावशीने चौपट वसूल केले. कॉफी गार झाली आणि कुणी तक्रार केली नाही.

सोमवारी सकाळी त्याने डीनकेचा फोटो उचलून सरळ केला. “माफ कर,” तो म्हणाला. “टुबावाल्यालाही माझ्यातर्फे सॉरी सांग, भेटला तर.” मग त्याने फोटो टॉवेलमध्ये गुंडाळून सायकलच्या टोपलीत ठेवला. जागा फेन्नानेच ठरवली होती, पियानोवर, उजेडात.

कुंपणापलीकडे उब्बो उगवलेलाच होता, हातमोजे घालून. “काय, मित्र कसा आहे?”

“मित्र ठणठणीत आहे,” गेरलोफ म्हणाला. “घर बदलतोय.” आणि सायकल झाडाला टेकवून तो कुंपणावरून वाकला, उब्बोचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि मित्रातर्फे त्याचे तीन मुके घेतले.